डाव्या बाजूची शिट्टी

माझ्या कामातला बराचसा वेळ काहीच न ऐकण्यात जातो. सुई वर उचललेली असते, रेकॉर्ड थांबलेली असते, अँप्लिफायरचा आवाज बऱ्यापैकी चढवलेला असतो आणि मी स्पीकरला कान लावून जमिनीवर बसलेली असते. घरातली माणसं दारातून डोकावून जातात. या बाई नक्की करतायत काय, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. मी यंत्राचं स्वतःचं बोलणं ऐकत असते. गाणं सुरू झालं की ते झाकलं जातं, म्हणून गाण्याच्या आधी ऐकायचं. घूं असा आवाज असेल तर अर्थिंग बघायचं, सूं असा असेल तर यंत्रच हलक्या प्रतीचं आहे असं समजायचं. काहीच आलं नाही की माझं काम झालं.

मी स्मिता राणे. वडील गिरणीत होते. गिरणी गेली तशी घरात कमावतं कोणी उरलं नाही, म्हणून मी अंधेरीच्या एमआयडीसीत अँप्लिफायर बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. लाइनवर सगळ्या बायकाच. बायकांची बोटं बारीक असतात, सोल्डर नीट बसतं, असं मालकाचं म्हणणं. खरं कारण बायका कमी पगारात येतात हे होतं, पण बोटं बारीक होती हेही खोटं नव्हतं. कारखाना बंद झाला तेव्हा बाकीच्या जणी दुसरीकडे पॅकिंगला गेल्या. मला सोल्डरिंग सोडवेना. त्याच भागात एक लहानसा गाळा भाड्याने घेतला आणि दुरुस्तीची कामं सुरू केली. टीव्ही, मिक्सर, गणपतीतले स्पीकर, जे येईल ते. टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायची यंत्रं, त्या काळात भंगारवाल्याकडेच दिसायची. गेल्या काही वर्षांत मात्र लोक परत रेकॉर्डी घ्यायला लागले, आणि ही कामं करणारे बरेचसे कारागीर तोवर गावी निघून गेले होते. मी राहिले होते. त्यामुळे आता एकसष्टाव्या वर्षी माझ्याइतकी मागणी आमच्या गल्लीत फक्त डोसेवाल्याला आहे.

नव्या गिऱ्हाइकाला पहिली गोष्ट समजवावी लागते ती फोनोची. पूर्ण नाव फोनो प्रीअँप. लोक हौसेने टर्नटेबल आणतात, घरातल्या स्पीकरला जोडतात, आणि आवाज येतो तो बंद दाराआड कोणी पुटपुटतंय असा. मग माझा फोन वाजतो. मी सांगते, सुई रेकॉर्डच्या खाचेतून जे उचलते ते फारच बारीक असतं. शिवाय ते जसं गायलं तसं खाचेत कोरलेलं नसतं. तबल्याचा डग्गा पूर्ण ताकदीने कोरला तर खाच शेजारच्या खाचेत घुसेल, म्हणून खालचे आवाज मुद्दाम दाबून कोरतात. वरचे आवाज वाढवून कोरतात, म्हणजे घासण्याची खरखर पुढे येत नाही. घरी वाजवताना कोणीतरी हे सगळं उलटं करून द्यायला हवं, दाबलेलं वर काढायचं, वाढवलेलं खाली आणायचं, आणि एकूण आवाज मोठा करायचा. हे काम फोनो करतो. जुन्या अँप्लिफायरच्या पोटातच तो असायचा. नव्यांतून कंपन्यांनी काढून टाकला. काही टर्नटेबलमध्ये आत घालून देतात, पण तो बहुतेकदा नावापुरता. म्हणून वेगळा घ्यायचा. हातात मावेल एवढी डबी असते, पण निम्मं गाणं तिच्या हातात असतं.

कुठला घ्यायचा, यावर लोक भांडतात. मुलुंडचे डॉक्टर नाडकर्णी तर माझ्याशी दोन वर्षं भांडत होते. कान-नाक-घशाचे डॉक्टर. आपण कानाचे तज्ज्ञ, म्हणून आपल्याला आवाजातलं जास्त कळतं असं त्यांना वाटायचं, आणि मी ते कधी खोडून काढलं नाही. त्यांच्या घरी घूं असा आवाज येत होता. त्यांनी फोनो बदलला, पुन्हा बदलला, दर वेळी आधीपेक्षा महागाचा आणला. घूं तिथेच. मला बोलावलं तेव्हा मी त्यांच्या दिवाणखान्यातली एकेक वस्तू बोर्डातून काढत गेले. दिवा, वायफाय, टीव्ही, सगळं. शेवटी माशांच्या टाकीची मोटर बंद केली आणि आवाज गेला. फोनो बिचारे सगळे चांगले होते. डॉक्टर म्हणाले, मासे काही मी काढणार नाही. नाडकर्णी वहिनी म्हणाल्या, मग गाणी काढा. शेवटी टाकी त्यांच्या दवाखान्यात गेली आणि आता पेशंटची लहान मुलं तिच्यासमोर गप्प बसतात.

त्या दिवशी वहिनींनी जेवायला थांबवलं होतं. जेवताना डॉक्टर कानाबद्दल बोलत राहिले. त्यातलं एक माझ्या लक्षात राहिलं. ते म्हणाले, एखाद्याचा एक कान अचानक बसला, एका दिवसात, एका रात्रीत, तर लोक त्याला सर्दी समजतात. तेल घालतात, वाफ घेतात, वाट बघतात. महिन्याने माझ्याकडे येतात, आणि तेव्हा माझ्या हातात काही नसतं. त्याच दिवशी आले असते तर काही तरी करता आलं असतं. मी तेव्हा मान डोलावली आणि आमटी वाढून घेतली. असलं काही आपल्या कामात उपयोगी पडेल असं कोणाला वाटतं.

उषाताई साळवे माझ्या गाळ्यावर आल्या त्या याच्या नंतर. घाटकोपरच्या पंतनगरात राहायच्या, एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. भाऊ वारला होता, एक भाची पुण्याला. उंच, ताठ बाई, आणि बोलताना समोरचा वर्गात बसलेला आहे असंच धरून चालायच्या. पहिल्या भेटीतच मला अगं-तुगं सुरू केलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

त्यांचे वडील जालन्याकडून मुंबईला आलेले, गोदीत कामाला होते. वसाहतीत जयंतीला लाउडस्पीकरवर गाणी लावायचं काम त्यांचं. त्यांनी जमवलेल्या भीमगीतांच्या, शाहिरांच्या, भजनांच्या रेकॉर्डी उषाताईंनी इतकी वर्षं कपाटात जपल्या होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी टर्नटेबल घेतलं ते याच्यासाठी. वसाहतीच्या हॉलमध्ये एका रविवारी त्या रेकॉर्डी सगळ्यांना ऐकवायच्या असं त्यांनी ठरवलं होतं. ज्या लोकांनी त्या लहानपणी ऐकल्या होत्या त्यांतले आता थोडेच उरले होते, आणि ते आहेत तोवर हे व्हायला हवं, असं त्या म्हणायच्या.

टर्नटेबलच्या आतला फोनो त्यांना पसंत नव्हता. आवाज पातळ, आणि मागे सूं. वेगळा घ्यायचा म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडून आधी सगळं समजून घेतलं. का, कशाने, कुठल्या भागाने. मी कागदावर खाचा काढून दाखवल्या. सगळं पटल्यावरच म्हणाल्या, आता दाखव.

मी दोन फोनो घेऊन त्यांच्या घरी गेले. एक साधा. काळी डबी, एकही बटण नाही. पण इतका शांत की चालू आहे का बंद ते दिव्यावरूनच कळावं, आणि आवाज जसा आहे तसा देणारा. मी स्वतः घरी तोच वापरते. दुसरा जरा उजळ आवाजाचा. टाळ, झांजा, गाणाऱ्याचे स आणि श हे पुढे काढून दाखवणारा. त्याला मोनोचं एक बटण होतं. ते दाबलं की डावं आणि उजवं एकत्र होतं आणि दोन्हीकडे सारखंच येतं. घासलेल्या जुन्या रेकॉर्डी त्याने जरा कमी खरखरतात. मला त्याचा आवाज आवडत नाही. नको तिथे दिवा लावल्यासारखा वाटतो. मी स्पष्ट सांगितलं, ताई, पहिलाच घ्या. त्यांनी दोन्ही ठेवून घेतले. काही दिवस ऐकते, मग सांगते, म्हणाल्या. दुपारी शेजारचं बाळ झोपतं म्हणून त्या हेडफोनवर ऐकायच्या. पहिल्या आठवड्यात फोन करून म्हणाल्या, तू म्हणतेस तोच बरा वाटतोय. मला आनंद झाला. बाकीच्या गोष्टींत मी कोणाचं मत मागत नाही, पण याच्यात मागते.

त्यानंतर एका सकाळी त्यांचा फोन आला. तुझ्या डबीतून शिट्टी येते, म्हणाल्या. डाव्या बाजूने. कालपासून. आणि त्या बाजूचं गाणंही दबलंय.

मला ते लागलं. इतर कुठल्याही यंत्राबद्दल म्हणाल्या असत्या तर मी हो म्हटलं असतं, पण तो फोनो मी उघडून, तपासून, स्वतःच्या घरी वाजवून दिला होता. तरी धंद्यात गिऱ्हाइकाला तुमचा कान चुकतोय असं म्हणायचं नसतं. मी त्यांना सांगितलं, डबीतून अँप्लिफायरकडे जाणाऱ्या दोन वायरी एकमेकींच्या जागी लावा. दोष डबीत असेल तर शिट्टी उजवीकडे जाईल. त्यांनी लावल्या. शिट्टी डावीकडेच. मग म्हटलं, दुसरा फोनो लावून बघा. त्यांनी तोही लावला. शिट्टी तिथेच, तशीच. म्हणजे दोष अँप्लिफायरमध्ये नाहीतर हेडफोनमध्ये. रविवार दोन दिवसांवर होता. मी हातातलं काम बाजूला ठेवलं, हत्यारांची पिशवी घेतली आणि मेट्रोने घाटकोपरला गेले. मनात एकच होतं, त्या शिट्टीला आज शोधून काढायचं.

त्यांनी दार उघडलं तेव्हा त्या चिडलेल्या होत्या. रात्रभर नीट झोप नाही, डोकं जड आहे, म्हणाल्या. मी हेडफोन डोक्याला लावला, आवाज चढवला, डोळे मिटले. काही नाही. अगदी काही नाही. रेकॉर्ड लावली, दोन्ही बाजूंनी स्वच्छ गाणं. परत सुई उचलली. परत शांत.

मी त्यांना म्हटलं, मला ऐकू येत नाहीये.

“एवढी मोठी शिट्टी तुला ऐकू येत नाही?” त्या म्हणाल्या. “मला तर हेडफोन लावायच्या आधीपासून येते.”

त्या हे रागाने म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता थांबल्या. मग मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर उलटा लावला, डावा भाग उजव्या कानाला, उजवा डाव्याला. विचारलं, आता कुठून येते. त्या म्हणाल्या, डावीकडूनच. मी बोर्डाजवळ गेले, बटण बंद केलं, आणि प्लगच बाहेर काढला. फोनोवरचा दिवा विझला. प्लग हातात धरून मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

“आहे,” त्या म्हणाल्या. “तशीच आहे.”

त्यांनी हेडफोन सावकाश काढून मांडीवर ठेवला. मग तर्जनी आणि अंगठा डाव्या कानाजवळ नेऊन चोळले, मग उजव्या कानाजवळ चोळले, मग परत डाव्या. लहान मुलाचं तपासतात तसं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती मला तेवढी एकदाच दिसली, आणि तीही लगेच गेली.

“म्हणजे तुझं यंत्र चांगलं आहे,” त्या म्हणाल्या.

मग उठल्या आणि चहा टाकायला गेल्या. स्वयंपाकघरातून बोलत राहिल्या. परवा न्हायला बसले होते, पाणी गेलं असेल. गरम तेलाचे थेंब घालते. रविवार होऊन जाऊ दे, सोमवारी बघू. मी त्यांच्यामागे गेले आणि डॉक्टर नाडकर्णींनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ताई, थांबायचं नसतं यात, आजच जायला हवं. त्या म्हणाल्या, माझ्या कानाचं मला कळतं. हॉलची सफाई बघायची आहे, खुर्च्यांचं सांगायचं आहे, कुठली रेकॉर्ड कुठल्या पाठोपाठ लावायची ते ठरायचं आहे. वडिलांच्या वेळची चार माणसं येणार आहेत, त्यांना सोमवारचं सांगू का?

मी तिथेच उभं राहून डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, कधीपासून आणि चक्कर येते का. मग म्हणाले, दवाखान्यात आणा, मी थांबतो. मी फोन ठेवला आणि ताईंना तसं सांगितलं. त्यांनी चहा गाळला, माझ्या हातात कप दिला आणि म्हणाल्या, सोमवारी.

मी चिडखोर बाई नाही. पण काही बाबतीत माझं डोकं एकदा ठरलं की ठरतं. मी चहा तसाच ओट्यावर ठेवला. बाहेर आले, फोनोच्या वायरी काढल्या, टर्नटेबलची अर्थिंगची वायर सोडवली, आणि दोन्ही डब्या पिशवीत टाकल्या. त्या दारात येऊन बघत होत्या.

“काय करतेस?”

“माझं सामान घेऊन चाललेय. कान दाखवून या, मग रविवारच्या आत परत लावून देते. नाही दाखवलात तर हॉलमध्ये काय लावायचं ते तुम्ही बघा.”

“तू मला धमकी देतेस?”

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी आयुष्यभर पोरांना वठणीवर आणलेलं. त्यांच्यासमोर कोणी असं बोललं नसणार. गिऱ्हाइकाच्या घरातून सामान उचलून न्यायची माझीही पहिलीच वेळ. शेवटी त्या आत गेल्या आणि पर्स घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, चल. आणि गॅस बंद केलाय का बघ.

एलबीएस रोडला नेहमीसारखीच गर्दी होती. रिक्षा सरकत नव्हती. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते आणि बोलत होते, डॉक्टर कसे आहेत, काळजीचं काही नाही, असलं काहीतरी. कांजूरला पोहोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं की त्या एकाही गोष्टीला उत्तर देत नव्हत्या. रागावल्यात असं मला वाटत होतं. मग कळलं, त्यांना ऐकूच येत नव्हतं. सिग्नलला रिक्षा थांबली तशी मी त्यांच्या समोरून सरकून पलीकडे गेले आणि त्यांच्या उजवीकडे बसले. त्यांनी सरकून जागा करून दिली. मग जरा वेळाने माझा हात धरला. मुलुंड येईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी कान बघितला. पडदा चांगला होता, आत मळ नव्हता, पाणी नव्हतं. मग काचेच्या खोलीत बसवून ऐकण्याची तपासणी केली. मला बाहेरून दिसत होतं. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं असतं. उजव्या कानाच्या वेळी ताई भराभर बटण दाबत होत्या. डाव्याची वेळ आली तेव्हा त्यांचा अंगठा बटणावर तसाच थांबून राहिला. त्या इतक्या लक्ष देऊन बसल्या होत्या, मान किंचित पुढे, आणि अंगठा हलत नव्हता. मी समोरच्या माशांकडे बघायला लागले.

डॉक्टरांनी त्यांना आडपडदा न ठेवता सांगितलं. कानाची आतली नस अचानक बसली आहे. कारण बहुतेकदा कळत नाही. काहींचं ऐकणं पूर्ण परत येतं, काहींचं थोडं, काहींचं येत नाही. औषध जितकं लवकर तितकी आशा जास्त, आणि तुम्ही लवकर आलात. ताईंना मधुमेह होता, म्हणून पोटात घ्यायच्या स्टेरॉइडने साखर चढण्याची भीती. डॉक्टर म्हणाले, पडद्यातून थेट कानात इंजेक्शन देऊ, त्याने साखरेला फारसा धक्का नाही. पुढे एक एमआरआयही करायला सांगितला, दुसरं काही नाही ना ते बघायला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी विचारल्या. दुखेल का, आणि रविवारी उभं राहून बोलता येईल का. डॉक्टर म्हणाले, पहिल्याचं उत्तर थोडंसं, दुसऱ्याचं हो, पण स्पीकरपासून लांब आणि डाव्या कानात बोळा.

पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी झालं. घरी परत सोडल्यावर मी दोन्ही डब्या पिशवीतून काढल्या आणि जिथल्या तिथे लावून दिल्या. अर्थिंगची वायर घट्ट केली. त्यांनी मघाचा चहा गरम करून मला दिला. कडू झाला होता, पण मी प्यायले.

रविवारचा कार्यक्रम झाला. यंत्राकडे मी बसले. ताई हॉलच्या एका टोकाला, स्पीकरकडे उजवी बाजू करून उभ्या होत्या आणि प्रत्येक रेकॉर्डच्या आधी ती वडिलांनी कुठून आणली, कुठल्या जयंतीला पहिल्यांदा लावली, ते सांगत होत्या. त्यांचा आवाज जरा मोठाच लागत होता, एक कान गेला की माणसाला स्वतःचा अंदाज येत नाही. पण हॉलमध्ये कोणाला ते वेगळं वाटलं नसेल, मुख्याध्यापिकाच त्या. त्या सगळ्या रेकॉर्डी जुन्या मोनोच्या होत्या, दोन्हीकडे सारखंच असणाऱ्या. त्यामुळे एका कानानेही त्यांचं काही सुटलं नाही. पहिल्या रांगेतले एक आजोबा पुढच्या ओळी आधीच म्हणत होते. मागच्या तरुण पोरांनी मोबाइल वर धरले होते. संपल्यावर ताईंनी एक खुर्ची ओढून घेतली. बसल्या आणि म्हणाल्या, झालं बाई हे एकदाचं.

पुढचे काही आठवडे मी अधूनमधून त्यांच्याबरोबर मुलुंडला जायचे. भाची पुण्याहून आली होती, एमआरआय तिनेच करून घेतला. त्यात वाईट काही निघालं नाही. इंजेक्शनांनी कान हळूहळू थोडा उघडला. पूर्ण नाही. शिट्टी बारीक झाली पण गेली नाही. शेवटच्या तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, खालचे आवाज बऱ्यापैकी परत आलेत, वरचे फारसे नाहीत, आणि आता याहून जास्त येईल असं मी म्हणणार नाही. मला वाईट वाटलं. एक दिवस उशिरा का होईना फोन आला, तोही शिट्टी यंत्राची समजून. पहिल्याच दिवशी आला असता तर, असं मनात येतंच. ताईंनी मात्र तो विषय काढला नाही. परत येताना रिक्षात म्हणाल्या, आता त्या दोन डब्यांचं काय ते ठरवून टाकू. तुझं सामान माझ्याकडे किती दिवस पडून राहणार.

मी एका दुपारी गेले. मला वाटलं होतं पाच मिनिटांचं काम. पहिला फोनो त्यांना आवडलाच होता, तो ठेवायचा आणि दुसरा मी परत न्यायचा. पण त्यांनी कॉलेजात असताना घेतलेल्या नव्या पद्धतीच्या, स्टीरिओच्या रेकॉर्डी काढून ठेवल्या होत्या. त्यात काही वाद्यं फक्त डावीकडून येतात, काही फक्त उजवीकडून. त्यांनी पहिला फोनो लावायला सांगितला आणि हेडफोन लावून बसल्या. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, व्हायोलिन आहेत ना इथे? मी म्हटलं, आहेत, डावीकडे. त्या म्हणाल्या, मला ती आहेत हे आठवतंय, ऐकू येत नाहीयेत.

मग दुसरा फोनो लावला. तोच, मला न आवडणारा. त्या परत पहिल्यापासून ऐकायला लागल्या. मी समोर बसून त्यांचा चेहरा बघत होते. मध्येच त्यांनी हात पुढे केला, मोनोचं बटण दाबलं, परत काढलं, परत दाबलं. बटण दाबल्यावर डावीकडचं सगळं त्यांच्या चांगल्या कानातही येत होतं. काढल्यावर डाव्या कानाला स्वतःलाच शोधावं लागत होतं. त्यांचं ते दाबणं आणि काढणं बराच वेळ चाललं. शेवटी हेडफोन उतरवला.

“हा ठेवते,” त्या म्हणाल्या.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, ताई, बटणाचंच म्हणत असाल तर पहिल्या डबीत मी बसवून देते, अर्ध्या तासाचं काम आहे. पण आवाज पहिल्याचाच खरा. हा उगाच चमकवतो. तुम्ही इतके दिवस ऐकलाय, तुम्हाला फरक कळतो. मी आणखीही बरंच बोलले. माझ्या धंद्यातली सगळी अक्कल मी त्या पाच मिनिटांत त्यांच्यापुढे मांडली असेन.

त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, “स्मिता, तुझा फोनो बरोबर आहे. पण तो तुझ्या कानांसाठी बरोबर आहे. या दुसऱ्याने व्हायोलिन किंचित पुढे आणून दिली. डावीकडूनच आली. लांबून आली, पण मी बटण न दाबता ऐकली. थकले की बटण दाबीन. नाही थकले तोवर त्या कानाला काम करायला लावणार आहे.”

इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना खरा आवाज कुठला ते सांगत आले. तो कोणाच्या कानात शिरणार आहे, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं असं नाही, पण उत्तर बदलेल असं वाटलं नव्हतं. मी उठले, उजळ आवाजाचा फोनो कपाटावर नीट बसवला, वायरी मागे बांधून टाकल्या. साधी काळी डबी पिशवीत ठेवली. हरल्याचं वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. थोडं वाटलं.

निघताना मी दारात चपला घालत होते. ताईंनी रेकॉर्ड उलटी केली होती आणि परत हेडफोन लावून खुर्चीत बसल्या होत्या. हात मांडीवर, बटणापासून लांब. मी येते म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं नाही, दार हळूच ओढून घेतलं.